छत्तीस मागांचा कान

बोलायच्या आधी जमिनीवर पाय आपटायची आमच्या आईला सवय आहे. आप्पांना हाक मारायच्या आधी एकदा धप्प, ताट वाढल्यावर दोनदा धप्प धप्प. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत ती त्यामुळे तापट म्हणून प्रसिद्ध आहे. भाजीवाला तिच्याशी घासाघीस करत नाही, आणि समोरच्या घरातल्या सुनेला तिची सासू आईकडे बोट दाखवून म्हणते, "बघ, मी किती बरी."

आप्पा अगदी उलट. विरूपाक्ष हावळ, वय चौसष्ट, चौगुल्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. बिघडलेला माग कुणीही दुरुस्त करेल. खरा जॉबर माग बिघडायच्या आधी ओळखतो. आप्पा शेडच्या दारात चपला काढायचे, हात पाठीमागे बांधून मागांच्या रांगेतून सावकाश चालायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "सतरा नंबरचा पिकर ढिला व्हालाय. संध्याकाळपातूर धोटा फेकतंय बघ." धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, आणि पिकर म्हणजे त्याला टोला मारणारा भाग. संध्याकाळी सतरा नंबरचा धोटा बरोब्बर सुटायचा आणि खिडकीची काच घेऊन जायचा. लोक म्हणायचे, विरूआण्णांचा कान म्हणजे कान आहे. चपला काढण्याबद्दल तर भाषणात सांगायचे, की मागाला देव मानणारा असा माणूस पुन्हा होणे नाही.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, अस्मिता. पुण्यात संगणकाच्या साठवणुकीचं काम करते. म्हणजे इतरांनी तयार केलेली माहिती पटकन ठेवायची आणि मागितली की पटकन द्यायची. वर्णन कंटाळवाणं आहे, काम त्याहून कंटाळवाणं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पण हे आप्पांना कधी सांगता आलं नाही. मी रोज ऑफिसातून घरी चालत येताना फोन करायची. बढती मिळाली म्हणून सांगितलं, तर आप्पा म्हणाले, "हं. बरं. जेवलीस का?" घर बदललं म्हटलं, तर, "हं. बरं. जेवलीस का?" माझा साखरपुडा मोडला तेव्हा भर रस्त्यात रडत रडत फोन केला, तेव्हाही, "हं. बरं. जेवलीस का?" मग फोन आईकडे. त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाला मागांच्या खडखडाटापलीकडे जगात काही ऐकायचंच नाहीये. हा राग मी चार वर्षं नीट सांभाळून ठेवला होता.

मग २०४३ उजाडलं. साध्या मागावरच्या किंचित ओबडधोबड कापडाला परदेशात एकाएकी भाव आला होता, आणि चौगुल्यांचे छत्तीस जुने माग रात्रंदिवस चालत होते. अडचण एकच होती. आप्पा दिवाळीच्या पाडव्याला निवृत्त होणार होते आणि ती विद्या शिकायला एकही माणूस तयार नव्हता. मालक सुकुमार चौगुले मला म्हणाले, "तुझ्या वडिलांचा कान जर यंत्रात उतरला, तर माग ठेवतो. पाडव्यापर्यंत बघतो. न्हाईतर छत्तीसच्या छत्तीस भंगारात." चाळीस वर्षं आप्पांनी जपलेले माग भंगारात जाणार, आणि ते मला जमत असून मी केलं नाही, हे मला झेपलं नसतं. मी म्हटलं, मी करते. फार ऐटीत म्हटलं.

प्रत्येक मागावर मी एक मायक्रोफोन लावला आणि खाली फरशीत थरथर मोजणारी एक चकती बसवली. आप्पांच्या शर्टाला त्यांचं बोलणं टिपणारा एक बिल्ला. त्यांनी चालता चालता "सतरा, पिकर" म्हटलं की यंत्रानं त्या क्षणीचा सतरा नंबर लक्षात ठेवायचा. पण माग बिघडला हे कळतं बिघडल्यावर, आणि शिकायची असतात त्याच्या आधीची दहा मिनिटं. कुठली दहा मिनिटं कामाची ठरतील ते आधी कुणाला माहीत? म्हणून काहीच टाकून देता येत नाही. छत्तीस माग, प्रत्येकाच्या सेकंदाला वीस हजार नोंदी, आणि सगळ्या ताबडतोब लिहून ठेवायच्या.

एरवी संगणकात डिस्कवर काही लिहायचं तर ते सरकारी कचेरीतून गेल्यासारखं जातं. आवक क्रमांक, सही, शिक्का, पुढचं टेबल. लिहून झालं की डिस्क घंटी वाजवते, आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून बघायला येतो. रोजच्या कामाला हे चालतं, पण मागांचा लोंढा या रांगेत उभा केला तर रांग दाराबाहेर जाते. म्हणून वेगवान साठवणुकीचे प्रोग्रॅम कचेरीला वळसा घालून थेट डिस्कशी बोलतात आणि घंटीची वाट बघत नाहीत. प्रोसेसरचा एक अख्खा भाग फक्त विचारत बसतो, झालं का? झालं का? झालं का? सेकंदाला लाखो वेळा. त्याला दुसरं कामच नसतं.

हे मी एका रविवारी आप्पांना समोर बसवून, कागदावर चौकोन काढून समजावलं. कितीतरी वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे ते बिचारं दिवसभर इचारतच बसतंय?"

"रात्रीसुद्धा."

"इसावा?"

"त्याला नाही लागत."

"सगळ्यास्नी लागतो," आप्पा म्हणाले आणि त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, विषय संपला.

आता माझी चूक सांगते. असा प्रोग्रॅम आम्ही उघड्यावर चालवत नाही, कंटेनरमध्ये चालवतो. कंटेनर म्हणजे संगणकातल्या संगणकात त्या प्रोग्रॅमपुरती आखून दिलेली बंद खोली. लॉजच्या खोलीसारखी. आत गादी, तांब्या, पंखा सगळं तयार; पाहुणा गेला की चादर बदलून खोली पुन्हा पहिल्यासारखी. प्रोग्रॅम बिघडला तर खोली मोडायची आणि अर्ध्या सेकंदात तशीच दुसरी उभी करायची. फार सोयीचं. अट एकच, खोलीत स्वतःचं काही ठेवायचं नाही. जपायचं ते बाहेर ठेवायचं.

वेगवान साठवणूक या खोलीत बसवणं जिकिरीचं असतं, कारण त्या प्रोग्रॅमला थेट डिस्कला हात लावायचा असतो, आणि खोली बांधलेली असते ती कुणाचे हात बाहेर जाऊ नयेत म्हणूनच. म्हणून भिंतीत मुद्दाम दार पाडावं लागतं. ते मी पाडलं होतं, आणि मागांची प्रत्येक थरथर त्या दारातून थेट डिस्कवर जात होती. फक्त वही आत राहिली होती. कुठला तुकडा कुठल्या मागाचा, कधीचा, त्या वेळी आप्पा काय म्हणाले, आणि त्यावरून यंत्र काय शिकलं, हे सगळं मी वेगासाठी खोलीतल्या मेमरीत ठेवलं होतं. दोन दिवसांपुरतं. त्या दोन दिवसांचे सात महिने झाले. या काळात पुण्यात मी नव्या मुलांना तीन व्याख्यानं दिली, विषय: 'खोलीत काही ठेवू नका'.

आणखी एक बारीकशी भानगड होती. शिकता शिकता यंत्रानं मायक्रोफोन ऐकणं सोडूनच दिलं. कशाला किती महत्त्व द्यायचं ते यंत्र आपलं आपण ठरवतं, आणि त्यानं छत्तीसही मायक्रोफोनांना शून्य गुण दिले होते. फक्त फरशीच्या थरथरीवरून ते आप्पांसारखं अचूक सांगत होतं. मी दोनदा मायक्रोफोन बदलून आणले आणि विकणाऱ्याला एक खरमरीत पत्र लिहिलं. तरी गुण शून्यच.

सप्टेंबरअखेर यंत्र दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगायला लागलं. मी पुण्यात निर्धास्त होते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. माग धुऊन पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून एक दिवस बंद ठेवतात. त्या दिवशी धोट्याला हातसुद्धा लावत नाहीत. मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं घेऊन थेट शेडवर पोचले. माग नवरदेवासारखे सजलेले होते. कोपऱ्यात माझं यंत्रही सजलं होतं. त्याच्या पेटीवर हळदीकुंकवाची पाच बोटं, वर माळ, पुढे नारळ. आणि वीजजोडणीची वायर काढून, सुबक वेटोळं करून, स्टुलावरच्या पाटीत ठेवलेली. तिलाही कुंकू लावलं होतं.

मी वायर जोडली. पडदा उजळला आणि गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. नवीन कारखान्यात स्वागत आहे. अद्याप एकही माग नोंदलेला नाही. सुरुवात करू या?"

"हे कुणी बंद केलं?" मी ओरडले.

आप्पा पुढे आले. अंगात नवा सदरा, चेहऱ्यावर काहीतरी पुण्य केल्याचा आनंद. "मीच बंद केलो," ते म्हणाले. "सात महिने झालं, झालं का, झालं का, करालंय. म्हटलं एक दिस तरी गप बसू दे बिचाऱ्याला. कसं, बरं वाटालंय का त्याला आता?"

यंत्राला बरंच वाटत होतं. त्याची पाटी कोरी झाली होती. मी कारखान्यामागे जाऊन झेंडूच्या देठांच्या ढिगाशेजारी उभी राहिले आणि रडले. आप्पांचा राग नव्हता आला, कारण ते माझ्या यंत्राशी माझ्यापेक्षा चांगले वागले होते. राग माझा मलाच आला होता. ज्या गोष्टीवर मी व्याख्यानं देते तीच मी घरच्या कामात केली नव्हती, आणि पाडवा बावीस दिवसांवर होता.

आप्पा शोधत आले. "सगळं गेलं?"

"थरथर आहे. नावं गेली."

खरंच तसं होतं. थेट डिस्कवर गेलेलं सगळं शाबूत होतं, सात महिन्यांचे छत्तीस माग. पण ढीगभर फोटो सापडावेत आणि एकाच्याही मागे नाव नसावं, तशी गत. त्या ढिगातून वेगळे वाटणारे तुकडे यंत्रानं दोन दिवसांत निवडले. चौदाशे बारा निघाले. ते का वेगळे आहेत हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो आमच्या ओसरीवर बसून दाढी करत होता.

"आप्पा, हे कानाला लावा. मी एकेक आवाज ऐकवते, तुम्ही फक्त काय झालंय ते सांगा."

"आज डोस्कं दुखालंय," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेडफोननं कानात खाज येत होती. तिसऱ्या दिवशी अमावास्या असल्याचं त्यांना वाटत होतं, नव्हती. चौथ्या दिवशी ते सकाळीच कुणाच्या तरी मयताला गेले आणि तो गृहस्थ मला दुपारी पानपट्टीवर भेटला. पाचव्या दिवशी मी दाराला कडी घातली आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले.

आप्पांनी डोळे मिटले. मी पहिला तुकडा लावला आणि तो संपल्यावर त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "पिकर ढिला."

दुसरा. "पट्टा सरकलाय."

तिसरा. "ह्यो पण पिकरच. नऊ नंबर असणार."

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही असे वीस तुकडे केले. एकविसाव्याला आतल्या खोलीतून आई आली आणि म्हणाली, "माझ्या टीव्हीचा आवाज कुठं गेला गं? तिकडं सासू सुनेला घराबाहेर काढालीय आन् मला एक शब्द ऐकू येईना."

मी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले. आत सून हंबरडा फोडत होती. हेडफोन पहिल्यापासून टीव्हीला जोडला गेला होता. अर्धा तास एका घराण्याची वाताहत चालली होती आणि माझे वडील डोळे मिटून तिच्यातले ढिले पिकर सांगत होते.

"आप्पा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुम्ही माझी चेष्टा करताय? मी इथं रजा टाकून बसलेय. ते माग भंगारात जाणार आहेत. तुम्हाला कशाचंच काही नाही का?"

हेडफोन काढले तरी आप्पांनी अजून डोळे उघडले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

आईनं जमिनीवर पाय आपटला. धप्प. आप्पांनी ताबडतोब डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं.

"सांगू आता?" आई त्यांना म्हणाली. आप्पांनी मान खाली घातली. मग आई माझ्याकडे वळली. "त्यास्नी ऐकू येत न्हाई बाळ. अकरा वर्सं झाली. मागांनी कान खाल्ले. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, शीरच गेलीया, यंत्राचाबी उपेग न्हाई."

मी खाली बसले. शेडमध्ये कळलं कसं नाही? तिथे खडखडाटात कुणालाच ऐकू येत नाही. सगळे ओठांवरून बोलणं ओळखतात. आप्पा त्यात पहिल्यापासून तरबेज. आणि फोनवर? फोनवर आई समोर उभी राहून खूण करायची, आता तुम्ही बोला. ते बोलायचे. मुलीला विचारावं असं बापाला जे वाटतं, ते एकच वाक्य बोलायचे आणि फोन परत द्यायचे.

"मला का नाही सांगितलंत?" मी आप्पांच्या समोर सरकून विचारलं.

"बहिरा जॉबर कोण ठेवतंय? कामावरनं काढला असता. आन् तू काळजी केली असतीस."

"साखरपुडा मोडला ते सांगितलं तेव्हासुद्धा..."

"हिनं सांगितलं नंतर. मग परत कसं इचारायचं? तू तर एकदा सांगितली हुतीस न्हवं." ते थांबले. "तू समोर बसून बोललीस की मला सगळं कळतंय अस्मे. पर तू समोर बसतीस कवा?"

चार वर्षं जपलेला राग अंगावरून उतरला आणि त्याच्या जागी लाज आली. मी त्यांचा हात धरून बसले. आईनं टीव्ही बंद केला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

मग माझ्यातला साठवणूकवाला जागा झाला. "पण आप्पा, ऐकू येत नाही तर माग कसे ओळखता?"

आप्पांनी उजवा पाय उचलून माझ्यासमोर धरला. टाचेला भेगा, तळवा जाड. "ह्यो माझा कान," ते म्हणाले. "फरशीतनं येतंय की सगळं. चप्पल असली की न्हाई येत."

शून्य गुण! यंत्राला सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. आप्पांच्या निदानाचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही, सगळा संबंध फरशीशी आहे, हे त्यानं मला आकड्यांत स्पष्ट लिहून दिलं होतं, आणि मी मायक्रोफोन विकणाऱ्याशी भांडत बसले होते. देवभक्तीची भाषणं करणारे आणि मी, सगळे एकाच माळेचे मणी निघालो.

आता काय करायचं ते उघड होतं. आईकडे मी एक पाट मागितला. सागवानी पाटाला भोकं पाडू देणार नाही, असं तिनं आधी बजावलं. मग आत जाऊन एक पाट घेऊन आली. "ह्यो घे. ह्याच्यावरच तुझा साखरपुडा झाला हुता. न्हाईतरी काय उपेग झाला ह्याचा?"

पाटाखाली मी जुन्या स्पीकरांचे चार हलते भाग बसवले आणि डिस्कवरची फरशीची थरथर त्यांत सोडली. आप्पा अनवाणी वर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. पहिला तुकडा लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. शेडमध्ये असतात तसे ते सरळ झाले.

"बावीस नंबर. पट्टा. आन् हे उन्हाळ्यातलं हाय, फरशी तापली की बावीस असंच करतंय."

तारीख त्या तुकड्यावर कुठंच नव्हती.

रोज सकाळी दोन तास आणि चहानंतर दोन तास, असे आम्ही चौदाशे बारा तुकडे केले. मध्ये आईनं एकदा पाटावर उभं राहून बघितलं आणि गुदगुल्या होतात म्हणून उतरली. तुकड्यांच्या मधे मी आप्पांच्या समोर बसून बोलायची. चार वर्षांचं सगळं सांगितलं. नोकरी, घर, आणि तो साखरपुडा, पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी सगळं ऐकलं, म्हणजे बघितलं. मग विचारलं, "मग त्या दिशी फोनवर मी काय म्हटलो हुतो?"

"जेवलीस का, म्हणालात."

"जेवली हुतीस?"

"नाही."

आप्पा पाटावरून उतरले. "चल," ते म्हणाले, "आधी जेवून घेऊ." सकाळचे साडेदहा वाजले होते. आम्ही जेवलो.

वही या वेळी खोलीबाहेर ठेवली. तिच्या तीन प्रती केल्या, एक पुण्याला, एक कारखान्यात आणि एक आईच्या डाळीच्या डब्यात, कारण घरातली सगळ्यात सुरक्षित जागा ती आहे. मग मी आप्पांना सांगितलं, "आता कितीही वेळा बंद करा. खुशाल विसावा द्या त्याला." त्यांनी लगेच एकदा बंद करून बघितलं. यंत्र उठलं आणि म्हणालं, "नमस्कार. छत्तीस माग हजर आहेत."

पाडव्याला सुकुमार चौगुले फेटा बांधून शेडमध्ये आले. सगळे कामगार जमले. माग सुरू झाले, जमीन थरथरायला लागली. यंत्राच्या पडद्यावर ओळ उमटली: अकरा नंबर, पिकर, अर्धा तास. आप्पा अनवाणी उभे होते. त्यांनी पडद्याकडे न बघताच माझ्याकडे अकरा बोटं केली, म्हणजे आधी दहा आणि मग एक. मालक खुर्ची टाकून घड्याळ लावून बसले. सव्विसाव्या मिनिटाला अकरा नंबरचा धोटा सुटला आणि खिडकीतला नवा कोरा आकाशकंदील फोडून बाहेर गेला. आकाशकंदील फुटल्याबद्दल इतक्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

माग बंद केल्यावर मालक म्हणाले, "माग राहिले. पण मायक्रोफोन का काढून टाकलास गं?"

"नुसती अडगळ होती," मी म्हटलं. आप्पांचं गुपित मी मरेपर्यंत सांगणार नव्हते.

"हं," मालक म्हणाले. आप्पा पाठमोरे उभे राहून अकरा नंबरवरची सुकलेली माळ काढत होते. सत्काराची शाल हातात घेऊन मालक चार पावलं पुढे गेले आणि त्यांनी जमिनीवर पाय आपटला. धप्प.

आप्पा वळले.

मालकांनी त्यांच्या अंगावर शाल घातली. मग ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "धा वर्सं झाली. शेडमध्ये सगळ्यांस्नी म्हाईत हाय. पर आण्णास्नी सांगू नको हं, आम्हाला म्हाईत हाय म्हणून. त्यांना वाईट वाटंल." मागच्या रांगेतल्या कामगारांनी माना हलवल्या. म्हणजे छत्तीस मागांना, चाळीस कामगारांना, एका मालकाला आणि एका यंत्राला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्यांच्या मुलीला.

मी पुण्याला परतले तेव्हा माझ्याकडे तसाच दुसरा पाट होता. दोन्ही पाट एकमेकांना जोडलेत; मी इथे पाय आपटला की इचलकरंजीतला पाट थरथरतो, आणि तिकडून इकडे. रविवारी मी घरी जाऊन समोर बसते. इतर दिवशी संध्याकाळी सात वाजता आम्ही पाटावर उभे राहतो. एक थाप म्हणजे आहे. दोन म्हणजे जेवलीस का. तीन म्हणजे आईनं काहीतरी बोलायचं ठरवलंय, फोन उचल. खालच्या मजल्यावरच्या देवधरकाकूंनी सोसायटीत माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे, आणि मी तापट आहे असं सगळ्यांचं मत झालंय.

परवा ऑफिसात अडकले. घरी यायला आठ वाजले. दार उघडलं तर सोफ्याजवळचा पाट आपला आपण थडथडत होता. धप्प धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प धप्प. पुन्हा. खालून देवधरकाकू काठीनं छत ठोकत होत्या. सात वाजल्यापासून, एक तास, तिकडे माझे वडील अनवाणी उभे राहून विचारत होते. घंटीची वाट न बघता, दुसरं काम न करता.

मी पर्स टाकली, चपला काढल्या, पाटावर चढले आणि पाय आपटला. एकदा.

थाप थांबली. मग हळूच दोन थापा आल्या.

मी जेवले नव्हते. तसं सांगायला आमच्याकडे अजून थाप ठरलेली नाही. मी फोन लावला, कॅमेरा सुरू केला, चेहरा दिव्याखाली धरला आणि म्हटलं, "नाही आप्पा. आता जेवते. तुम्ही बसा खाली."